पाव एक, प्रांत अनेक

शाळा सुटल्यावर आपण वडापाव खातो, तेव्हा जगभर पसरलेल्या एका मोठ्या कुळातील पदार्थ आपल्या हाती असतो, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. पाव आडवा चिरावा, एक कड जोडलेली ठेवावी आणि आपल्या प्रांतात जे रुचकर व स्वस्त असेल ते त्याच्या पोटात भरावे, ही युक्ती अनेक देशांतील लोकांना सुचली आहे. ताट नको, वाटी नको, बसावयास जागाही नको. म्हणूनच हा पदार्थ ठिकठिकाणी कष्टकऱ्यांच्या आवडीचा झाला.

अमेरिकेत जाऊन राहिलेल्या इटालियन लोकांनी लांबट पावात मांसाचे काप, चीज व भाज्या भरल्या. आकार पाणबुडीसारखा म्हणून त्यास 'सबमरीन' हे नाव मिळाले. परंतु फिलाडेल्फियात तोच 'होगी', न्यूयॉर्कात 'हिरो' आणि न्यू इंग्लंडात 'ग्राइंडर' होय. न्यू ऑर्लिन्स शहरातील प्रकारास 'पो बॉय', म्हणजे 'गरीब पोरगा', असे म्हणतात. १९२९ साली तेथील ट्रामच्या कामगारांनी संप केला, तेव्हा पूर्वी ट्रामवरच नोकरी केलेल्या मार्टिन बंधूंनी आपल्या उपाहारगृहातून संपकऱ्यांस फुकट खाऊ घातले; त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचा लांब पाव राहिला आणि त्यात तेथील लोकांनी आंबवलेल्या भाज्या व कोथिंबीर भरून 'बान्ह मी' सिद्ध केला.

आपल्याकडे पाव आला तो पोर्तुगीजांबरोबर. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. पायाशी किंवा पावशेराशी त्याचा संबंध नाही. गोव्यात पीठ आंबविण्यासाठी माडाच्या माडीचा उपयोग होऊ लागला. आपल्या भागात ताडी कोणास अपरिचित नाही. ती काही तासांतच फसफसू लागते, कारण तिच्यातील सूक्ष्म जीव साखरेवर जगतात व वायू सोडतात. हाच वायू कणकेत कोंडला गेला की ती फुगते आणि पाव हलका, सच्छिद्र होतो. गोव्यातील भट्टीवाल्यास 'पोदेर' म्हणतात. त्याच्याकडे कोंड्याची पोई, खरपूस उंडो, बांगडीसारखे कांकण असे नाना प्रकार मिळतात. कोणी त्यांबरोबर पातळ भाजी खातो, तर कोणी त्यांत मसालेदार चोरीस भरतो.

परंतु हा पाव आपल्या समाजात सुखाने आला नाही. परधर्मीयाने भाजलेला पाव खाल्ला की माणूस बाटला, अशी समजूत दृढ होती. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांचे सहकारी यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या गुप्त सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती भटाऱ्याने केलेला पाव खावा लागे. आज ज्याची आपण सहज मागणी करतो, तो घास घेण्यास त्या काळी केवढे धैर्य लागत असेल! पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे दिली गेली, तेव्हा रानडे व टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला.

ही भीती ओसरत गेली, त्यास सुधारकांच्या उपदेशाबरोबर शहरातील श्रमाचे जीवनही कारणीभूत झाले. मुंबईच्या गिरणगावात पाळी संपवून निघालेल्या कामगारास स्वस्त व पोटभर खाणे हवे होते. तेथील लादीपाव भट्टीत एकमेकांस चिकटून भाजले जातात. त्यामुळे वरची बाजू तांबूस होते, पण कडा मऊ राहतात आणि आत वडा दाबला तरी पाव मोडत नाही. बटाटेवडा, लसणीची चटणी व पाव यांची जोडी जमविण्याचे श्रेय सामान्यतः दादर स्थानकाबाहेर १९६६ साली विक्री सुरू करणाऱ्या अशोक वैद्य यांस दिले जाते. १९८२ च्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या अनेक कुटुंबांस वडापावच्या गाडीनेच आधार दिला.

पुढे प्रत्येक प्रांताने आपली चव जोडली. नाशिककरांनी पावातच भाजी भरून तो पिठात बुडवून तळला व त्यास 'उलटा वडापाव' म्हटले. कच्छमधील मांडवीच्या दाबेलीत मसाल्याचा बटाटा, खारे शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे आणि चिंच-खजुराची चटणी असते.

आपले सिल्वासा या वाटांच्या मधोमध वसले आहे. दक्षिणेस मुंबई, उत्तरेस सुरत. नगरहवेलीवर १७८३ पासून पोर्तुगीजांची सत्ता होती. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि १९६१ साली हा प्रदेश भारतात विधिवत विलीन झाला. पुढे कारखाने आले, त्यांबरोबर नाना प्रांतांचे कामगार आले. नागलीची भाकरी हे येथील वारली व कोकणा घरांचे जुने अन्न. त्याच्या शेजारी आज वडापाव व दाबेली दोन्ही नांदतात.

सुट्टीत गावी जाल तेव्हा तेथील पावात काय भरतात, ते वहीत टिपून ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांस एक प्रश्नही अवश्य विचारा: आपल्या स्वयंपाकघरात पाव पहिल्याने कोणी आणला आणि तेव्हा कोणी नाक मुरडले? त्या उत्तरात इतिहासाच्या पुस्तकात न आलेला एखादा धडा सापडेल.