खोडलेला आकडा

गेल्या फाल्गुनात आमचे रसायनशास्त्राचे सर गेले. कॉलेजच्या लायब्ररीत शोकसभा झाली. कार्यालयातल्या जुन्या फाइलीवरून सरांची पानभर माहिती काढली होती, ती एका तरुण प्राध्यापकानं वाचून दाखवली. एमएस्सी, नोकरीत रुजू, 34 वर्षं सेवा, निवृत्ती. 'प्रकाशित शोधनिबंध' या रकान्यापाशी तो अडखळला आणि पुढचा 'निरंक' हा शब्द त्यानं जवळजवळ गिळलाच.

मग मला बोलायला सांगितलं. मी प्रॅक्टिकलमधला एक किस्सा सांगितला. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. किस्सा खरा होता, पण अर्धा. उरलेला अर्धा मला इथं लिहायचा आहे. त्याआधी त्या 'निरंक'चा हिशेब मांडायला हवा. रसायनशास्त्राचा शिक्षक मागे नेमकं काय ठेवून जातो?

आधी तो किस्सा. मी एफवायला होते. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन होतं. ब्युरेटमध्ये गडद जांभळं परमँगनेट, खाली कोनिकल फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजून घेतलेलं 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड. त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालून फ्लास्क 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचा आणि वरून परमँगनेट थेंबथेंब सोडायचं. पहिले थेंब रंग सोडायला फार वेळ लावतात. नवखा विद्यार्थी इथं घाबरतो आणि घाई करतो. घाई केली की द्रावण तपकिरी होतं आणि सगळं फुकट जातं. धीर धरला तर थोड्या वेळानं पुढचे थेंब पडताक्षणी रंगहीन होऊ लागतात. कारण परमँगनेटपासून तयार होणारा मँगनस आयनच पुढच्या अभिक्रियेला वेग देतो. सर म्हणायचे, "पहिल्या थेंबांना वेळ द्या. तेच पुढच्यांची वाट मोकळी करतात." शेवटी एक थेंब असा पडतो, की फिका गुलाबी रंग जात नाही. तिथं थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा.

माझा आकडा आला 8.6. शेजारच्या दोघींचा 9.8. माझंच चुकलं असणार असं धरून मी जर्नलमध्ये 9.8, 9.8, 9.8 असं तीनदा लिहून टाकलं. सर टेबलापाशी आले. जर्नल पाहिलं, मग वाकून ब्युरेट पाहिलं.

"किती आलं?"

"9.8, सर."

"ब्युरेट तर 8.6 म्हणतंय. ते कुठं गेलं?"

त्यांनी प्रत्येक टेबलावरच्या बाटलीत जरा वेगळ्या तीव्रतेचं द्रावण ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी थांबून ते हे करत, हे पुढं लॅब असिस्टंटकडून कळलं. मी शरमून खोडरबर काढायला लागले, तर त्यांनी हात धरला. "खोडायचं नाही. एक सरळ रेघ मार, शेजारी खरा आकडा लिही, सही कर. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. चूक दिसली तर ती कशी झाली ते शोधता येतं."

ही सरांची स्वतःची युक्ती नव्हती. प्रयोगशाळेचा हा जुना शिरस्ता आहे. औषध कारखान्यांत तर तो नियमच आहे: चुकीच्या नोंदीवर एकच रेघ, शेजारी दुरुस्ती, सही आणि तारीख. पांढरी शाई लावायला बंदी. पण नियम वाचणं वेगळं आणि अठराव्या वर्षी कुणीतरी हात धरून तो गिरवून घेणं वेगळं.

*

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला सरांच्या कपाटातलं एक पुस्तक दिलं. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचं 1932 साली प्रसिद्ध झालेलं इंग्रजी आत्मचरित्र. नायट्राइट शिकवताना सर या माणसाची गोष्ट सांगत. आता ती मुळातून वाचली, आणि सरांच्या सवयी कुठून आल्या असतील याचा थोडा पत्ता लागला.

राय 1861 साली आजच्या बांगलादेशातल्या खुलना भागातल्या राडुली गावी जन्मले. एडिंबरा विद्यापीठाची डीएस्सी घेऊन परतल्यावर 1889 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, महिना 250 रुपयांवर. वरच्या श्रेणीच्या जागा तेव्हा बहुतेक इंग्रजांकडेच जात. सुरुवातीच्या काळात त्यांनी बाजारातलं तूप आणि मोहरीचं तेल तपासण्याचं किचकट काम केलं. भेसळ ओळखायची तर आधी अस्सल माल कसा असतो हे ठाऊक हवं, म्हणून शुद्ध नमुने त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेतले.

त्यांचं नाव झालं ते पाऱ्यामुळे. 1895 च्या सुमारास ते मर्क्युरस नायट्रेट बनवत होते. भरपूर पारा, वरून सौम्य नायट्रिक ॲसिड, तापवायचं नाही. भांड्यात पिवळे स्फटिक दिसले. ते अपेक्षित नव्हते. असा पिवळा पदार्थ दिसला की पाऱ्याचा बेसिक क्षार म्हणून तो सोडून देणं सोपं होतं. राय यांनाही आधी तसंच वाटलं. पण इतक्या आम्लधर्मी द्रावणात बेसिक क्षार तयार होईलच कसा, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. तपासल्यावर तो मर्क्युरस नायट्राइट निघाला. नायट्राइटं बहुधा अस्थिर, चटकन मोडणारी. इथं तर ती स्फटिकरूपात हाती आली होती. पुढं कितीतरी वर्षं त्यांनी नायट्राइटांवरच काम केलं. 1912 मध्ये अमोनियम नायट्राइटवरचं काम त्यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीपुढं मांडलं.

मला या गोष्टीतलं भांडं महत्त्वाचं वाटतं. 'हवं ते' मिळवायला निघालेल्या माणसाच्या भांड्यात 'नको ते' दिसलं, आणि त्यानं ते ओतून दिलं नाही. 8.6 ला 9.8 करणं म्हणजे पिवळे स्फटिक मोरीत ओतणं.

राय वरच्या वर्गांवर थांबले नाहीत. अगदी खालच्या वर्गांना शिकवणंही त्यांनी मुद्दाम स्वतःकडे ठेवलं. हाड जाळून उरलेली राख आता निव्वळ कॅल्शियम फॉस्फेट आहे, हे पटवायला ते चिमूटभर राख भरवर्गात तोंडात टाकत, अशी आठवण सांगितली जाते. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे पुढं पदार्थविज्ञानात गाजलेले दोघंही त्यांच्या वर्गात बसलेले. ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, नीलरतन धर हे रसायनशास्त्रातले त्यांचे विद्यार्थी. घोष 1950 नंतर खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले.

राय यांची आपल्याकडची ओळख गोपाळ कृष्ण गोखल्यांमुळे. 1902 च्या सुरुवातीला गांधीजी कलकत्त्यात गोखल्यांकडे राहिले होते आणि राय शेजारीच राहत. गोखल्यांनी ओळख करून दिली ती अशी, की या प्राध्यापकांना पगार 800 रुपये, त्यातले 40 स्वतःला ठेवतात आणि बाकीचे सार्वजनिक कामाला देतात. 1921 मध्ये साठी गाठल्यावर तर राय यांनी पुढचा सगळाच पगार विद्यापीठाला देऊन टाकला. लग्न केलं नाही. सायन्स कॉलेजातल्याच एका खोलीत विद्यार्थ्यांच्या संगतीत राहिले, आणि 16 जून 1944 रोजी तिथंच गेले.

*

इथवर वाचून आमचे सर म्हणजे तालुक्याच्या गावचे राय, असं म्हणायचा मोह होतो. ते खरं नाही. राय यांनी नुसतं शिकवलं नाही. विद्यार्थ्यांना उभं राहायला जागा केली. 1892 मध्ये घरातच थोड्या भांडवलावर औषधं बनवायला सुरुवात केली, त्याचं बेंगॉल केमिकल झालं. 1924 मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. शिष्याच्या हातून हरणं गुरूला आवडावं, असं आपलं जुनं वचन आहे. पण शिष्याला जिंकायला आखाडा लागतो. आमच्या कॉलेजात गॅस आठवड्यातून दोनदा जायचा आणि तराजू तीनच धड होते. सर संशोधन करू शकले असते का, मला माहीत नाही. त्यांनी केलं नाही, हे खरं आहे. 2010 नंतर प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांचे गुण मोजू लागले. सर त्याआधीच निवृत्त झाले होते, नाहीतर त्यांचं कठीण होतं.

मग त्यांचे विद्यार्थी कुठं गेले? शोकसभेनंतर चहा घेताना मी पाहत होते. दोघे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. एक दूध संघात. एक पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत. काही शाळेत शिक्षक. नाव छापून यावं असं कुणाचंच काम नाही. पण उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो, आणि उतारा काढताना लागणारे आकडे कारखान्याच्या लॅबमधून येतात. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. तो आकडा कुणीतरी वाचतो आणि वहीत लिहितो. आलाय तेवढाच लिहिला, तर त्याची बातमी होत नाही. एका पॉइंटानं खाली लिहिला, तर कुणाच्या तरी घरी त्या महिन्याला तेवढे पैसे कमी येतात, आणि का ते त्या घराला कधी कळत नाही. 34 वर्षं सर पोरांना "किती आलं?" विचारत होते ते यासाठी. याला रकाना नाही. म्हणून 'निरंक'.

*

आता किस्स्याचा उरलेला अर्धा भाग.

बीएस्सीनंतर मी एका औषध कंपनीत तपासणी विभागात लागले. दुसऱ्या वर्षी लोहाच्या टॉनिकची एक बॅच माझ्याकडे आली. लेबलवरच्या प्रमाणाच्या किमान 90 टक्के लोह भरायला हवं होतं. भरत नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, "पुन्हा कर." पुन्हा केलं. "अजून एकदा कर. येईपर्यंत कर." चौथ्यांदा 90.3 आलं. मी नवा कागद घेतला, 90.3 लिहिलं आणि सही केली. आधीचे कागद साहेबांनी मागून घेतले. माल गेला.

त्या कागदावर एकही खोटा आकडा नव्हता. 90.3 खरोखरच आलं होतं. खोटं होतं ते न लिहिलेल्या आकड्यांत. एफवायच्या पोरीनं केलेली चूक निदान कागदावर होती, सरांना ती दिसली. ही कुणालाच दिसणार नव्हती. खोडायला आकडाच नव्हता, तर रेघ कुठं मारायची?

पुढं मी तसं केलं नाही. एकदा त्यावरून बढतीही हुकली. पण त्यानं ते पहिलं पान भरून निघत नाही. ते टॉनिक कुणीतरी डॉक्टरच्या भरवशावर प्यायलं असेल, बहुधा एखादी गरोदर बाई. दर दिवाळीला मी सरांकडे फराळाचा डबा घेऊन जायचे. ते विचारायचे, "काय, लॅब कशी चाललीय?" मी म्हणायचे, "छान, सर." बावीस दिवाळ्यांत मी सांगितलं नाही. या वर्षी सर नाहीत.

घरी येऊन जुनं जर्नल काढलं. पान पिवळं पडलंय. 9.8 वर एक रेघ, शेजारी 8.6, खाली माझी सही आणि लाल शाईत त्यांची. खोडलेला आकडा अजून स्वच्छ वाचता येतो.

सर, पहिल्यांदा 88.1 आलं होतं. दुसऱ्यांदा 87.9. तिसऱ्यांदा 88.4.