बंदराचं प्रगतिपुस्तक कसं वाचायचं?



मस्कतला बरीच वर्षं काढलेल्यांना मत्रा कॉर्निशवरून दिसणाऱ्या कंटेनरच्या क्रेन आठवत असतील. 2014 मध्ये सुलतान काबूस बंदरातली कंटेनर वाहतूक सोहारला हलली आणि मत्रा पर्यटक जहाजांसाठी मोकळं झालं. आपल्याला बरंच वाटलं! पण धूर काही नाहीसा झाला नाही, तो दोनशे किलोमीटर दूर गेला.

सोहार बंदर ही ओमान आणि रॉटरडॅम बंदराची 2002 पासूनची भागीदारी. रिफायनरी, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद असे सगळे अवजड उद्योग त्याच परिसरात आहेत. शेजारच्या लिवामधल्या लोकांनी 2013 मध्ये प्रदूषणाविरुद्ध निदर्शनं केली होती.

आता सगळीच बंदरं ‘हरित’ व्हायला निघाली आहेत. मग ते मोजायचं कसं? एक माप जहाजाचं. एन्व्हायर्नमेंटल शिप इंडेक्समध्ये जहाजाला 0 ते 100 गुण मिळतात आणि चांगल्या गुणांवर काही बंदरं शुल्कात सूट देतात. दुसरं माप धक्क्यावरचं. उभ्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज दिली की त्याची जनरेटर इंजिनं बंद ठेवता येतात. तिसरं माप म्हणजे एक टन माल हाताळताना किती कार्बन सुटला.

या तिसऱ्यात खरी गोम आहे. समजा, टनामागे उत्सर्जन 30 टक्क्यांनी घटलं, पण माल दुप्पट झाला. प्रगतिपुस्तकात शाबासकी, पण एकूण कार्बन मात्र 40 टक्के जास्त! भारताच्या 2023 च्या ‘हरित सागर’ धोरणाचं उद्दिष्टही टनामागेच आहे: 2030 पर्यंत 30 टक्के घट.

हे आपल्याला का हवं? कारण डहाणूजवळ वाढवण बंदर होतंय. ऑगस्ट 2024 मध्ये त्याची पायाभरणी झाली, खर्च 76,220 कोटी रुपये. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. त्यांच्या जाळ्यात किती मासळी येते, हे टनामागच्या कार्बनमध्ये कुठे दिसणार?

बंदरं नकोत असं मी म्हणत नाही. आपल्यापैकी कित्येकांचं पोट त्यांच्यावरच आहे. पण हरित अहवाल हातात आला की दोन प्रश्न जरूर विचारा. आकडा टनामागचा की एकूण? आणि कुंपणाबाहेरच्या माणसाचं काय मोजलं?

सोहार-सलालाला काम करणाऱ्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

आपला,
एक मस्कतकर