सस्पेक्ट, अक्यूज्ड, कन्व्हिक्ट

इंग्रजीच्या तासाला चोरी, फसवणूक, मारामारी यांविषयीचे शब्द निघाले की विद्यार्थी सावरून बसतात. वर्तमानपत्रांमुळे हे शब्द त्यांना अर्धेमुर्धे ठाऊक असतात आणि तीच अडचण होते. ‘सस्पेक्ट’, ‘अक्यूज्ड’ व ‘कन्व्हिक्ट’ या तिन्हींचा अर्थ उत्तरपत्रिकेत एकच येतो : गुन्हेगार.

वस्तुतः या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. ज्याच्यावर केवळ संशय आहे तो सस्पेक्ट. ज्याच्यावर आरोप झाला तो अक्यूज्ड. न्यायालयात ज्याचा दोष सिद्ध झाला तो कन्व्हिक्ट. ‘अॅलिगेशन’ कोणीही करू शकतो, त्याला पुरावा असेलच असे नाही. ‘चार्ज’ मात्र रीतसर ठेवावा लागतो. ‘अक्यूज्ड’पुढे ‘ऑफ’ येते आणि ‘चार्ज्ड’पुढे ‘विथ’, हे पाठच करावे. अक्यूज्ड व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचे २० वे कलम सांगते. म्हणजे आरोपीलाही हक्क असतात.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवतो. त्याने या तिन्ही पायऱ्या पुसून टाकल्या. संपूर्ण जमातीच ‘क्रिमिनल’ म्हणून जाहीर करता येऊ लागल्या. नोंदणी आणि हजेरी मागे लागली. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढविली. सोलापुरात अशी माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. स्वातंत्र्य १९४७ ला आले, हा कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. त्या जमातींना आज आपण विमुक्त म्हणतो.

कायदा गेला, परंतु सवय गेली नाही. अन्य एका वसतिगृहात काम करीत असताना एका मुलाचे घड्याळ हरवले, तेव्हा आम्ही सर्वांत आधी पेटी उघडली ती एका पारधी विद्यार्थ्याची. त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती. सायंकाळी घड्याळ न्हाणीघराच्या कोनाड्यात सापडले. तो मुलगा काही बोलला नाही. त्याने पेटीतील कपडे पुन्हा घडी करून ठेवले.

‘सस्पेक्ट’ म्हणण्यापुरताही आधार आमच्याजवळ नव्हता. आता हा पाठ आम्ही त्याच प्रसंगापासून आरंभतो, त्या मुलाचे नाव न घेता.