सौर जलतापक : ग्रामीण भागात सेवा-उद्योगाची संधी

पहाटेच्या धारा काढण्यापूर्वी कास धुणे, दूध काढणी यंत्र व कॅन स्वच्छ करणे यांसाठी दुग्धव्यावसायिकास दररोज गरम पाणी लागते. ही गरज सौर जलतापक, म्हणजे बोलीभाषेतील ‘सोलर बंब’, उत्तम प्रकारे भागवू शकतो. तथापि अनेक गावांत बसविलेले बंब दोन-तीन वर्षांत निरुपयोगी होऊन छतावर पडून राहतात. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. चुकीची मांडणी आणि देखभालीचा अभाव ही प्रमुख कारणे असतात. प्रशिक्षित ग्रामीण युवकास उद्योगाची संधी नेमकी येथेच आहे.

बचतीचा हिशेब

२०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे ७,००० किलोकॅलरी, म्हणजेच ८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. साध्या चुलीची कार्यक्षमता १० ते १५ टक्के धरल्यास तेवढ्याच कामासाठी १३ ते २० किलो लाकूड जाळावे लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी हे काम सुमारे ४ चौरस मीटर क्षेत्रफळाचा सपाट संग्राहक करू शकतो. पावसाळ्यात व ढगाळ दिवसांत मात्र पूरक व्यवस्था ठेवावीच लागते. ग्राहकास हे विक्रीपूर्वीच स्पष्ट सांगणे उद्योजकाच्या हिताचे असते.

मांडणीतील महत्त्वाच्या बाबी

संग्राहकात तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत जाते आणि थंड पाणी खाली उतरते. या नैसर्गिक अभिसरणावर सपाट संग्राहकाचा घरगुती बंब चालतो. त्यामुळे गरम पाण्याची टाकी संग्राहकाच्या वरच्या कडेपेक्षा उंच आणि थंड पाण्याची टाकी तिच्याहूनही उंच असावी. संग्राहकाचे तोंड दक्षिणेकडे असावे व सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत त्यावर सावली पडू नये.

गोठ्याची गरज पहाटेची असल्याने आदल्या दिवशीची उष्णता रात्रभर टिकवावी लागते. म्हणून टाकीचे उष्णतारोधक आवरण विशेष तपासावे. नळाची लांबीही महत्त्वाची आहे. २५ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या २० मीटर नळात जवळजवळ १० लिटर पाणी मावते. तेवढे थंड पाणी वाहून गेल्यावरच गरम पाणी हाती येते. यास्तव बंब शक्यतो गोठ्याजवळ बसवावा आणि नळास आवरण द्यावे.

पाण्याचा जडपणा

कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. ते तापल्यावर क्षारांचा थर साचून संग्राहकाच्या तांब्याच्या नळ्या अरुंद होतात व अभिसरण मंदावते. टीडीएस मीटर एकूण विद्राव्य क्षार दाखवितो, जडपणा नव्हे. म्हणून जडपणाची स्वतंत्र चाचणी आवश्यक असते. जड पाण्यासाठी उष्णता-विनिमयक असलेली प्रणाली किंवा रुंद काचनळ्यांची निर्वात नलिका प्रणाली अधिक सोयीची ठरते. काचनळ्यांतही थर साचतो, परंतु तो काढणे तुलनेने सोपे असते. तापलेल्या रिकाम्या काचनळ्यांत भर दुपारी थंड पाणी सोडल्यास त्या तडकतात. म्हणून त्या भल्या सकाळी भराव्यात.

उद्योगाची उभारणी

बंबाचे उत्पादन करण्यास मोठे भांडवल लागते. पाहणी, योग्य क्षमतेची निवड, मांडणी आणि वार्षिक देखभाल या सेवा मात्र नळकाम जाणणारा युवक उत्पादकाकडून प्रशिक्षण घेऊन अल्प भांडवलात देऊ शकतो. विक्री हिवाळ्याच्या तोंडावर अधिक होते. वार्षिक देखभाल करारांमुळे उर्वरित महिन्यांतही उत्पन्न मिळते. प्रत्येक ग्राहकाची नोंदवही ठेवून पाण्याचा जडपणा, बसविल्याचा दिनांक व क्षार काढल्याचे दिनांक लिहावेत. सपाट संग्राहक खरेदी करताना आयएस १२९३३ मानकाचे चिन्ह पाहावे.

भांडवलासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा विचार करता येतो. त्यात सेवा प्रकल्पाची कमाल खर्चमर्यादा २० लाख रुपये असून ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गास २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष प्रवर्गांस ३५ टक्के अनुदान मिळते. अर्ज करण्यापूर्वी प्रचलित अटींची खातरजमा करावी.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम दूध संकलन केंद्रे, गोठे व वसतिगृहे यांची गरम पाण्याची दैनंदिन गरज नोंदवावी. बंद पडलेल्या बंबांची यादीही करावी. हे बंब दुरुस्त करणे हे नवउद्योजकाचे पहिले काम ठरू शकते. छतावर पडून असलेला एक बंब शेजारच्या अनेकांना खरेदीपासून परावृत्त करतो. तोच पुन्हा सुरू झाल्यास गावाचा विश्वास परत येतो आणि उद्योजकास पुढील ग्राहक त्याच गल्लीत मिळतात.