शंभराव्या खेपेलाही हात रिकामेच

रात्रीचा एक वाजलेला. दहिवलीतल्या एखाद्या घरात अजून स्क्रीनचा उजेड असतो. सकाळी कर्जतहून लोकल पकडायची असते, तरी ‘आता मिळेलच’ म्हणत मुलगा त्याच राक्षसाशी पुन्हा लढतो.

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत शेवटच्या टप्प्यातली शस्त्रे, चिलखते अनेकदा नशिबाने मिळतात. समजा, शक्यता शंभरात एक आहे. मग शंभर लढायांत वस्तू मिळणारच, असे वाटते. प्रत्यक्षात शंभर खेपांनंतरही शंभरातले सुमारे ३७ खेळाडू रिकाम्या हातानेच राहतात. आधीच्या अपयशाने पुढची शक्यता वाढत नाही.

बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला, की प्राणी तीच कृती चिकाटीने करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसले. काही खेळांनी ही वाट सोपी केली आहे. ‘फायनल फँटसी १४’मध्ये कठीण लढाई जिंकल्यावर आठवड्याला एक टोकन मिळते, ठरावीक टोकनांवर हवी ती वस्तू घेता येते. म्हणजे थांबायची जागा आधीच दिसते.

नुसते जागरण म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणानुसार ताबा सुटणे, इतर कामांआधी खेळ येणे आणि नुकसान होऊनही खेळत राहणे, हे साधारण १२ महिने चालून शिक्षण, नाती किंवा काम बिघडले, तर ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणतात.

फोन हिसकावण्याआधी मुलाला विचारावे, “अजून किती खेपा?” उत्तर ‘सांगता येत नाही’ असेल, तर आकडा दोघांनी मिळून, खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवावा.