एका झाडाचे दोन बहार

मुलांनो, 'बहार' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत बहार म्हणजे वसंत ऋतू. हा शब्द फारसीतून मराठीतही आला. पण आपल्या विदर्भातील संत्र्याच्या बागांत त्याचा अर्थ थोडा वेगळा झाला. तेथे बहार म्हणजे झाडाला येणारा फुलोरा आणि त्यापासून मिळणारे पीक. उर्दूत 'बहार आई' म्हणतात. बागवान मात्र 'बहार आला' असे म्हणतो.

नागपूरच्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात सध्या हाच विषय चालू आहे. आपांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या : बाजारातून आणलेले एक पिकलेले संत्रे आणि काटोलकडच्या बागेतून आणलेली, पांढऱ्या सुवासिक फुलांची एक डहाळी. एका मुलीने विचारले, "आपा, फुले तर आत्ता आली. मग हे संत्रे कोणत्या फुलांचे?"

प्रश्न अगदी योग्य होता. फुलापासून पिकलेले फळ तयार व्हायला सुमारे आठ-नऊ महिने लागतात. मुलांनी बोटांवर महिने मोजले. मार्चमधले संत्रे मागच्या जून-जुलैच्या फुलांचे निघाले. मृग नक्षत्राच्या पावसावर ही फुले येतात, म्हणून त्याला मृग बहार म्हणतात. डहाळीवरची फुले मात्र आंब्याला मोहर येतो त्या दिवसांतली. हा आंबिया बहार. त्याची फळे दिवाळीच्या आसपास पिकू लागतात.

मग एकाच झाडाचे दोन्ही बहार का घेऊ नयेत? तसे केले तर झाड थकते आणि त्याचे आयुष्य कमी होते. म्हणून शेतकरी वर्षातून एकच बहार धरतो. त्यासाठी तो झाडाला 'ताण' देतो, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतो. पाणी मिळत राहिले तर नवी पालवी फुटत राहते. पाणी तोडले की वाढ थांबते, पाने फिकी पडतात आणि अन्नाचा साठा फांद्यांत होतो. पुढे खत-पाणी मिळताच झाड फुलांनी भरून जाते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा.

आंबिया बहारासाठी डिसेंबरमध्ये पाणी तोडतात आणि जानेवारीत पुन्हा सुरू करतात. मृग बहारासाठी ऐन उन्हाळ्यात ताण देतात आणि पावसाची वाट पाहतात.

कोणता बहार धरावा, हे विहिरीतील पाणी पाहून ठरवावे लागते. आंबियाची कोवळी फळे एप्रिल-मेच्या कडक उन्हात झाडावर असतात. तेव्हा विहीर आटली तर फळे गळतात. मृग बहाराला उन्हाळ्यात पाणी कमी लागते. पण पाऊस लांबला तर फुलोराच येत नाही. वरूड-मोर्शी भागात कूपनलिका वर्षानुवर्षे अधिक खोल न्याव्या लागल्या. 2019 च्या उन्हाळ्यात तर पाण्याअभावी तेथील अनेक बागा वाळल्या. बाग पुन्हा लावली, तरी चांगले फळ हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. म्हणजे चौथीतले मूल तोवर दहावीच्या जवळ पोहोचते!

नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 1985 साली नागपुरात स्थापन झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रात कमी पाण्यात बाग कशी जगवावी, याचाही अभ्यास होतो. थेंब थेंब पाणी मुळाशी देणारे ठिबक सिंचन हा त्यातला एक उपाय.

चौथीच्या मुलांनी वहीत बारा महिन्यांचे एक चक्र काढले आहे. त्यात फुलांचे महिने पांढरे आणि फळांचे महिने नारिंगी रंगवले आहेत. तुम्हीही असे चक्र काढा. घरी संत्री आली की तो महिना पाहा, आठ-नऊ महिने मागे मोजा आणि ती कोणत्या बहाराची आहेत, ते घरच्यांना मराठीत सांगा.