फॉक्सप्रो सोडताना

मोरा बंदरात १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत डिझेलची उचल जवळजवळ थांबते. मच्छीमार संस्थेच्या संगणकावर मोठं काम काढायचं तर हेच दिवस. एरवी होडी धक्क्याला लागलेली असताना प्रोग्रॅम अडला की पावती अडते आणि तांडेलाची भरती चुकते.

मी सांभाळतो त्या संस्थेचा डिझेलचा हिशेब फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. होडीचा नंबर टाकला की मालक, परवाना, मंजूर कोटा, उचललेलं डिझेल आणि शिल्लक लगेच पडद्यावर येतं. बिघाड बहुतेक वेळा वीज गेल्यानंतरचा असतो. नोंदी शाबूत असतात, पण इंडेक्स तुटतो आणि समोर उभ्या माणसाची होडी यादीत सापडत नाही. मग ठरलेला क्रम: सगळ्यांना बाहेर पडायला सांगायचं, डेटाची प्रत काढायची, मगच रीइंडेक्स. ‘पॅक’ अगदी शेवटी, कारण खोडलेल्या नोंदी त्यानं कायमच्या जातात.

नवीन प्रोग्रॅमर विचारतात, “अजून यातच?” प्रश्न रास्त आहे, पण तो भाषेच्या वयावर सुटत नाही. कोबोल १९६० सालची. तरी तिचं प्रमाणक २०२३ मध्ये नव्यानं निघालं, आयबीएम तिचा कंपायलर आजही विकते, आणि एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांनी यंत्रणा कोलमडू लागली तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक द्यावी लागली. फॉक्सप्रो तिच्याहून कितीतरी तरुण. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये ती विकत घेतली, शेवटची मोठी आवृत्ती २००४ मध्ये काढली, २००७ मध्ये पुढची निघणार नाही असं सांगितलं आणि जानेवारी २०१५ मध्ये आधारही थांबवला. म्हणून कोबोलवाल्याला मी खुशाल टिकून राहा म्हणेन. फॉक्सप्रोवाल्यानं मात्र निघायची तयारी ठेवावी, कारण उद्या एखाद्या नव्या विंडोजवर ती अडली तर दुरुस्त करणारा मालकच उरलेला नाही.

पण निघायचं म्हणजे जुना कोड फेकून नव्या भाषेत पहिल्या ओळीपासून लिहायला बसायचं नाही. संस्थेचे नियम त्या कोडमध्येच आहेत. १ एप्रिल २००५ ला राज्यात विक्रीकराच्या जागी व्हॅट आला. त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची बिलं प्रोग्रॅम वेगळ्या वाटेनं मोजतो. डिझेल जीएसटीत नाही, म्हणून मच्छीमारांना मिळणाऱ्या करपरताव्याचा हिशेब आजही व्हॅटवर चालतो. होडी विकली गेली तर उरलेल्या कोट्याचं काय, पैसे कुठल्या टप्प्यावर पूर्णांकात करायचे, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. एकेक अट वाचायची, संस्थेच्या कारकुनाला विचारायची आणि वहीत साध्या मराठीत उतरवायची. या कामाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि तो जुनी भाषा येणाऱ्यालाच जमतो.

सर्वांत चिवट काम नावांचं. फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही. मराठी नावं जुन्या फाँटच्या संकेतांत साठवलेली आहेत आणि नव्या प्रणालीत ती रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून उघडतात. नुसतं अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. ‘शिवशक्ती’तली पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये ‘श’च्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. ‘दुर्गामाता’तला रफार जुन्यात ‘गा’च्या मागून येतो, नव्यात ‘र्’ आधी लागतो. प्रोग्रॅमनं बदललेली यादी छापून होडीमालकांसमोर ठेवावी लागते, कारण नावात एक मात्रा चुकली तरी परताव्याचा कागद परत येतो.

बंदी उठली की दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवायचे. प्रत्येक पावती दोन्हीकडे, आणि महिनाअखेरची पत्रकं पैशापर्यंत जुळली पाहिजेत. फरक दिसला तर आधी नव्यावर संशय घ्यायचा, कारण जुन्यानं इतकी वर्षं हिशेब चुकवलेला नाही. पत्रकं सलग जुळली की जुन्यात नवी नोंद बंद. तो फक्त मागचं पाहायला राहील.

फॉक्सप्रो शिकलेल्या कुणालाही मी हेच सांगतो: नवी भाषा आजपासून शिका, पण तुमच्या भरवशावर चाललेला हिशेब दुसऱ्या किनाऱ्याला सुखरूप लावल्याशिवाय जुनी सोडू नका. ते काम तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी करणार नाही.